शिष्यवृत्तीचे पैसे विम्याच्या हप्त्यात

सातपूरच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: "वय ४७, एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. पगार हातात ५२ हजार. मुलगी नाशिकमध्येच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मुलगा नववीत. मुलीला प्रगती शिष्यवृत्तीचे वर्षाला ५० हजार मिळतात. ते इकडेतिकडे खर्च होऊ नयेत म्हणून तिच्या नावाने १२ वर्षांची गॅरंटीड पॉलिसी घेतली, हप्ता ५० हजार. दोन भरले. गेल्या वर्षी शिष्यवृत्ती उशिरा आली, तेव्हा पतपेढीतून कर्ज काढून भरला. आता एका क्लासने डेटा सायन्स आणि एआयचा कोर्स सुचवलाय. फी ९५ हजार, २४ महिन्यांचे हप्ते, शंभर टक्के प्लेसमेंट. ती खूप मेहनती आहे. लॅपटॉपची बिजागरी तुटलीये, तर स्क्रीनमागे डबा टेकवून अभ्यास करते. कोर्स लावावा का?"

कोर्स लावू नका. त्याची कारणं पुढे देतो. आधी त्या डब्याबद्दल आणि पॉलिसीबद्दल बोलू, कारण तुमचं खरं नुकसान तिथे चाललंय.

प्रगती शिष्यवृत्ती एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते. पदवीसाठी देशभरात वर्षाला ५,००० मुलींना. ही रक्कम कशासाठी, तेही योजनेतच लिहिलंय: कॉलेजची फी, संगणक, पुस्तकं, साहित्य, सॉफ्टवेअर. म्हणजे सरकारने तुमच्या मुलीला लॅपटॉपचे पैसे दोनदा दिले आणि दोन्ही वेळा ते विम्याच्या हप्त्यात गेले. तुमचा हेतू चांगला होता, हे मला पत्रातच दिसतं. पण ज्याने ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली त्याचा मला मनापासून राग येतो. शिष्यवृत्ती चार वर्षांची आहे, हे त्याला माहीत होतं. हप्ते बारा. उरलेले आठ हप्ते, म्हणजे चार लाख रुपये, कुठून येणार हे त्याने तुम्हाला विचारलं का?

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात सहा लाख भरून १२ वर्षांनी साडेआठ लाख मिळतील असं आहे. हा परतावा जेमतेम पाच टक्के पडतो. पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी तेवढेच पैसे साडेनऊ लाखांच्या पुढे जातात. आणि पाच टक्के मिळवण्यासाठी तुम्ही पतपेढीचं कर्ज घेतलंत, तेही १२ टक्क्यांनी.

"आता बंद केली तर भरलेले बुडतील," असं एजंट सांगेल. हिशेब करू. समजा भरलेल्या एक लाखातले ५५ हजार परत मिळाले. ते आणि पुढे दरवर्षी ५० हजार, दहा वर्षं सात टक्क्यांनी ठेवले, तरी साडेआठ लाखच होतात. अगदी ३० हजारच हाती आले, तरी दहा वर्षांनी फरक अर्ध्या लाखाचा. शिवाय मधल्या काळात पैसे तुमच्या हातात राहतात. मुलाच्या अकरावीला लागले तर काढता येतात. मी तुमच्या जागी असतो तर तिसरा हप्ता भरला नसता.

याहून मोठी चूक मात्र तुम्ही विचारलेलीच नाही. पॉलिसीत मुलीवर पाच लाखांचं कवच आहे आणि तुमच्यावर एक रुपयाचंही नाही. कंपनीचा ग्रुप विमा धरू नका, नोकरी सुटली की तो सुटतो. घर मुलीच्या कमाईवर चालत नाही, तुमच्या ५२ हजारांवर चालतं. तुम्हाला काही झालं तर तिचं शेवटचं वर्ष आणि मुलाचं सगळंच शिक्षण अडेल. ५० लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा), वयाच्या साठीपर्यंत, तुमच्या वयाला वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या आसपास बसेल. तंबाखू खात असाल तर अर्जात लपवू नका. हप्ता वाढेल, पण त्या कारणाने क्लेम अडणार नाही. हे काम याच महिन्यात करा. पॉलिसी बंद करण्याआधी.

आता कोर्स. २४ महिन्यांचे हप्ते म्हणजे बहुधा मुलीच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लास उद्या बंद पडला तरी हप्ता बंद पडत नाही, आणि तो चुकला तर नोकरी लागायच्या आधीच तिचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, बिघडतो. शंभर टक्के प्लेसमेंटचं वाक्य करारात शोधा. तिथे बहुधा 'सहाय्य' असा शब्द सापडेल. सहाय्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे.

तिला जे शिकायचंय ते एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचे एका विषयाला १,००० रुपये. सेमिस्टरला एकच विषय घ्यावा, पण असाइनमेंट चुकवू नयेत. २०१७ पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या सरकारी स्पर्धेत सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी सक्तीची. कॉलेजात संघ जमवणारी मुलं तिला शोधत येतील. तिने नुसतं नावाला जाऊ नये, कोड स्वतः लिहावा. गुगल समर ऑफ कोड या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायच्या उपक्रमाला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. निवड झाली तर मानधन तिलाच मिळतं. आपल्या नाशिकमध्ये २०१५ च्या सिंहस्थाआधी कुंभथॉन या उपक्रमात विद्यार्थ्यांनी गर्दी, आरोग्य, वाहतूक असे गावचेच प्रश्न घेतले होते. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे. असा एक प्रश्न घेऊन चालणारं काहीतरी बनवलं, तर मुलाखतीत तिच्याकडे बोलायला स्वतःचं काम असेल. मात्र पैसे मागणाऱ्या इंटर्नशिपच्या वाटेला तिने जाऊ नये.

यंदाचे ५० हजार आले की आधी लॅपटॉप. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, ४५ ते ५० हजारांत. पैसे यायला वेळ असेल तर तोवर हजार-दीड हजारात बिजागरी बदलून घ्या, पण थांबू नका. तिसऱ्या वर्षाचं नूतनीकरण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर वेळेत करा. वरच्या वर्गात गेल्याचा दाखला लागतो आणि तारीख चुकली तर त्या वर्षाचे पैसे जातात.

टर्म विमा मंजूर होऊन कागद हातात आला की पॉलिसीच्या शाखेत जा. सरेंडर केली (आत्ताच बंद करून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवली) तर किती, दोन्ही आकडे लेखी मागा. मुलगी सज्ञान आहे, पॉलिसी तिच्या नावाने आहे, सही तिचीच लागेल, तेव्हा तिला सोबत न्या. "साहेब, एकच वर्ष अजून भरा" असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या, अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.