जुन्या गाडीचा व्हॉल्व्ह रेडिओ गुणगुणतो, पण फ्यूज उडतो. काय तपासू?

आधी बफर कंडेन्सर बदला. व्हॉल्व्हला साधारण 200-250 व्होल्ट लागतात. त्यासाठी व्हायब्रेटर, म्हणजे थरथरणारा स्विच, बॅटरीचा 12 व्होल्टचा डीसी सेकंदाला सुमारे शंभर वेळा तोडतो, मग ट्रान्सफॉर्मर तो चढवतो. ती गुणगुण व्हायब्रेटरचीच. बफर म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरचा (हाय व्होल्टेजच्या बाजूचा) कंडेन्सर; तो जुना कागदी असेल तर मुंबईच्या दमट हवेत हमखास लीक होतो. मग करंट वाढतो, व्हायब्रेटरचे पॉइंट (संपर्क) जळून चिकटतात आणि फ्यूज जातो. व्हायब्रेटर नवा टाकून कंडेन्सर तोच ठेवलात, तर नवाही जळेल!

नव्याची व्हॅल्यू मूळ कंडेन्सरवर छापलेलीच हवी, अंदाजाने नको. फिल्म टाइप, किमान 1600 व्होल्टचा घ्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदला.

पहिल्यांदा चालू करताना सप्लायमध्ये हेडलाइटचा 60 वॉटचा बल्ब सिरीजला लावा. तो पूर्ण पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट अजून आहे. बॉडीला बॅटरीचा प्लस आहे की मायनस, हेही बघा. सिंक्रोनस व्हायब्रेटर (जो हाय व्होल्टेजचा परत डीसीही करतो) असेल तर उलट जोडणीने हाय व्होल्टेज उलटं होतं, कंडेन्सर मरतात. फ्यूज मूळ रेटिंगचाच, तार गुंडाळू नका. आणि बंद केल्यावरही कंडेन्सर डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नका.