गावठी गाईला कोणत्या वळूची कांडी भरावी : जर्सी, एचएफ की गीर?

तुम्ही लिहिलंय की दहिवडीच्या बाजूला कोरडवाहू शेती आहे, गोठ्यात तीन गावठी गाई आणि एक खिलार आहे, आणि संकर करून, म्हणजे कृत्रिम रेतनाची कांडी (वळूच्या वीर्याची नळी) भरून, दूध वाढवायचंय. डॉक्टर म्हणतात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) भरा, सासरे म्हणतात जर्सी, मोबाईलवरचे व्हिडिओ म्हणतात गीर. कुणाचं ऐकू?

सासऱ्यांचं ऐका. फक्त खिलारीला यातून बाहेर ठेवा.

खिलारीचं आधी उरकतो. तिला खिलार वळूच लावा. तिची किंमत दुधात नाही, पोटच्या खोंडात आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून तर जातिवंत खोंडाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तिच्यावर जर्सी भरलीत तर ना धड दुधाची ना धड औताची अशी पैदास हाती येईल.

आता गावठी तिघी. मी फलटणकडचा, वीसेक वर्षं गाई सांभाळतोय. तुमच्यासारखाच प्रश्न मलाही पडला होता आणि मी एचएफ निवडलं. डोळ्यासमोर वीस लिटरची बादली होती, दुसरं काय! पहिलारू गावठी कालवड, अंगाने बेताची, तिला थोराड एचएफ वळूची कांडी भरली. विताना वासरू अडकलं. चौघांनी दोरी लावून ओढलं ते मेलेलंच निघालं, वार पडली नाही, आणि ती कालवड पुढे कितीतरी वेळा उलटली, म्हणजे कांडी भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. चूक माझीच. एचएफचं वासरू चाळीस किलोच्या आसपास जन्मतं, जर्सीचं पंचवीसच्या. संकरात फरक थोडा कमी होतो, पण छोट्या गाईच्या जिवावर बेतायला तेवढाही पुरतो.

शिवाय जर्सी खाते कमी, ऊन त्यातल्या त्यात सोसते, आणि फॅट चांगली देते. डेअरीवर दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो; खाली घसरलं की कापतात. एचएफच्या पातळ दुधाला उन्हाळ्यात ही कात्री हमखास लागते. गीर वाईट नाही, काटक आहे, फॅटही चांगली. पण तिची कालवड पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षं घेते. जर्सी संकराची नीट पोसली तर अडीच-तीन वर्षांत विते. कोरडवाहू माणसाला तेवढं थांबणं परवडत नाही.

पण खरं सांगू का, पहिल्या पिढीत कुठलाही विदेशी वळू लावा, कालवड छानच निघते. दोन लांबच्या रक्तांचा संकरजोम तिच्यात पुरेपूर असतो. गोठे बिघडतात ते दुसऱ्या पिढीत. माणूस म्हणतो, अर्धी जर्सी एवढं दूध देते, मग पाऊण जर्सी किती देईल? आणि तिला पुन्हा शुद्ध जर्सी भरतो. त्या पिढीत जोम निम्म्यावर येतो, आणि गावठी रक्त उरतं पाव. पुढे एप्रिलमध्ये गाय तोंड उघडून धापा टाकते, गोचीड चढतात, त्या गोचिडातून थायलेरियाचा ताप येतो, गाभण राहत नाही. माझ्याकडे अशी एक होती. तिने दुधापेक्षा औषधाचीच बिलं जास्त दिली.

म्हणून पहिल्या पिढीच्या कालवडीला पन्नास टक्केवाल्या, म्हणजे निम्म्या विदेशी-निम्म्या देशी रक्ताच्या संकरित वळूची कांडी मागा. जोम तिथेही निम्म्यावर येतोच, पण निदान निम्मं गावठी रक्त हाताशी राहतं. दुसरी वाट तिसऱ्या जातीची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी तशीच घडलेली : निम्मी एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. तिसरं रक्त आल्याने जोम टिकतो, दूधही भरपूर. मात्र हिशेब करा, त्यात विदेशी रक्त पाऊण हिस्सा झालं. बारमाही हिरवा चारा, मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा), सावलीचा उंच गोठा असेल तरच ती वाट धरा.

गंमत बघा, मांसासाठी गाई पाळणाऱ्या अमेरिकेत नेमकी उलटी ओढ आहे. आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गाईंपासून त्यांनी ब्राह्मण नावाची जात बनवली आणि तिचा वळू ते हेरफर्ड, अँगसवर लावतात, कशासाठी, तर ऊन आणि गोचीड सोसावं म्हणून. आपण जे घालवायला निघालोय ते त्यांनी बोटीतून नेलं.

संकराचा गोऱ्हा झाला तर काय, हेही आधीच ठरवा. वशिंड पुरेसं नसल्याने जू नीट बसत नाही, आणि २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने बाजारात त्याला कुणी विचारत नाही. लिंगनिश्चित (मादी वासरूच व्हावं म्हणून निवडलेल्या वीर्याच्या) कांडीने दहात नऊ कालवडी होतात, पण गाभण राहण्याचं प्रमाण जरा कमी. ती धडधाकट, वेळेवर माजावर येणाऱ्या गाईलाच वापरा.

कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो वहीत लिहा, गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या बारा आकडी नंबरासमोर. नाहीतर तीन वर्षांनी मुलीला बापाचीच कांडी पडते, आमच्या वाडीत हे सर्रास झालंय. वळूच्या आईचं दूध किती होतं, हेही विचारा. रेतक (कांडी भरणारा) कुरकुरेल, तरी विचारा. आणि वेळ चुकवू नका : सकाळी सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर सकाळी.

सुरुवात दोन-तीन वेतं झालेल्या गाईपासून करा. पहिलारू असेल तर तिला जर्सीतलाही हलक्या अंगाचा वळू बघा. मार्चनंतर विहिरीला पाणी किती राहतं आणि कडब्याच्या किती पेंढ्या साठतात, ते कळवा. त्रिवेणीची वाट तुम्हाला झेपेल की नाही, ते त्यावरून सांगता येईल.