मोबाईल ॲप आणि मॉडेल वापरून किनाऱ्यावरचे पक्षी घरटी कुठे करतील हे खरंच कळतं का? आपल्याकडे करता येईल का?

हो, कळतं. पण 'इथे घरटं होणारच' असं नाही, तर 'अशा जागी घरटं होण्याची शक्यता एवढी' असं. मी न्यू जर्सीत राहतो, काम संख्याशास्त्राचं आहे आणि पक्ष्यांचं वेड जुनं, म्हणून इथलंच उदाहरण देतो.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पायपिंग प्लव्हर नावाचा चिमुकला चिखल्या घरटं करतो. घरटं म्हणजे उघड्या वाळूत उकरलेला उथळ खळगा, कधी त्यात शिंपल्यांचे तुकडे, आणि वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी, बहुधा चार. माळावर टिटवीची अंडी पाहिली असतील तर लगेच लक्षात येईल. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

या पक्ष्यासाठी 'आयप्लव्हर' हे ॲप तयार झालं. २०१४ आणि २०१५ मध्ये मेन ते नॉर्थ कॅरोलायना या पट्ट्यातल्या पुळणींवर आणि बेटांवर तिशीहून जास्त जाणकारांनी त्यात नोंदी केल्या. जागा सपाट पुळण आहे की टेकाड, नुसती वाळू आहे की शिंपले मिसळलेली, झाडोरा किती दाट, हे सगळ्यांनी ठरलेल्या पर्यायांतूनच निवडायचं. एकाचं 'थोडं गवत' आणि दुसऱ्याचं 'विरळ गवत' असा गोंधळ तिथेच संपतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: घरट्यांसोबत यादृच्छिक, म्हणजे कुठलीही पसंती न लावता निवडलेल्या जागांचीही नोंद केली. फक्त घरटी मोजली तर 'घरटी वाळूत असतात' एवढंच कळणार, आणि वाळू तर पुळणभर आहे. पक्ष्याने काय निवडलं हे कळायला आजूबाजूला काय काय उपलब्ध होतं तेही माहीत हवं.

या नोंदी बेझियन नेटवर्क या संभाव्यतेच्या मॉडेलला दिल्या. जागेच्या गुणांचा अमुक मेळ असेल तर घरट्याची संभाव्यता किती, हे ते सांगतं. एखादा गुण माहीत नसला तरी अडत नाही, उत्तरातली अनिश्चितता तेवढी वाढते. न्यूयॉर्कच्या रॉकअवे द्वीपकल्पाचा असा नकाशाही संशोधकांनी करून दाखवला.

यातून किनाऱ्याकडे बघायची नजर बदलते. वादळात लाटा टेकाडं ओलांडून मागे वाळू पसरवतात, तेव्हा माणसाला विध्वंस दिसतो. या पक्ष्याला नेमकी तीच सपाट, उघडी वाळू हवी असते. आपण लगेच टेकाडं उभारतो, गवत लावतो आणि त्याची जागा जाते. समुद्राची पातळी वाढतेय तशी वाळूची बेटं जमिनीकडे सरकू पाहतात, पण मागे बांधकाम असेल तर ती सरकणार कुठे?

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. जागा योग्य असली म्हणजे पिल्लं जगतीलच असं नाही. कोल्हे, मोकाट कुत्री, पर्यटक यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

आपल्याकडे करता येईल, पण इथलं मॉडेल उचलून तिकडे चालणार नाही. नदीतल्या वाळूच्या बेटांवर घरटी करणाऱ्या नदी सुरय आणि आर्ली या पक्ष्यांपासून सुरुवात करा. तिथे पाण्याची पातळी आणि धरणाचा विसर्ग हे रकाने आधी हवेत, कारण पाणी अचानक चढलं की अंडी बुडतात. जवळच्या पक्षिमित्र मंडळासोबत पर्याय आधी ठरवून घ्या, नोंद लांबून करा, अंड्यांपाशी उभं राहू नका. आणि घरट्यांचे जीपीएस आकडे कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.