जिममधल्या इंजेक्शनांनंतर निपलमागे गाठ आली आहे, काय करू?

तू लिहिलंयस की वय २४, नोकरी अंबडला, अडीच महिने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि सोबत डायनाबॉल या स्टिरॉइडच्या गोळ्या. आता डाव्या निपलमागे दुखरी गाठ आहे आणि ट्रेनर म्हणतो, 'ही गोळी घे, कोर्स पूर्ण कर.' ती गोळी घेऊ नकोस. आधी डॉक्टरला दाखव, याच आठवड्यात.

घाई करतोय, कारण मी केली नाही. सिडकोत व्यायाम करायचो तेव्हा माझी गाठ हरभऱ्याएवढी होती. अंग पुसताना टॉवेल लागला तरी कळ यायची. गाडीवर गतिरोधक आला की हात आपोआप छातीवर जायचा. काही महिन्यांनी दुखायचं थांबलं आणि मला वाटलं, बरं झालं. तसं नव्हतं. गाठ चिंचोक्यासारखी टणक होऊन बसली होती. काकांच्या दशक्रियेला रामकुंडावर सदरा काढावा लागला, तेव्हा पूर्ण विधीभर मी उपरणं छातीवरून हलू दिलं नाही.

हे होतं कसं, ते समजून घे. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातलं अरोमाटेज हे एन्झाइम इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकांमध्ये जास्त असणाऱ्या हार्मोनमध्ये, बदलतं. डायनाबॉलचंही तसंच. स्तनग्रंथी पुरुषालाही असते, ती त्या इस्ट्रोजेनवर वाढते. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. ही चरबी नाही, त्यामुळे कितीही पुशअप मारले, गंगापूर रोडला कितीही धावलास तरी ती जात नाही. स्टिरॉइड थांबवल्यावरही सुरुवातीला त्रास वाढू शकतो, कारण तोवर आपलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडलेलं असतं. ते परत सुरू व्हायला काही आठवडे, कधी कित्येक महिने जातात. म्हणून थांबवायचं तर आहेच, पण एंडोक्रायनोलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरच्या, देखरेखीखाली.

ते रक्तात टेस्टोस्टेरॉन, एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन), इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच प्रकार), प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन), लिव्हर वगैरे बघतील. वृषणंही तपासतील, लाजू नकोस; तिथल्या गाठीमुळेही छाती वाढू शकते. दुखरी, नवी गाठ असेल तर बऱ्याचदा टॅमॉक्सिफेन देतात. मुळात ते स्तनाच्या कर्करोगाचं औषध. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, आणि स्टिरॉइडने रक्त आधीच घट्ट झालेलं असू शकतं, म्हणून ते ट्रेनरच्या हातून घ्यायचं औषध नाही. जिममध्ये ॲनास्ट्रोझोल हे इस्ट्रोजेन बनणं रोखणारं औषधही सर्रास वाटतात, पण वाढून बसलेल्या ग्रंथीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

साधारण वर्ष उलटलं की ग्रंथीत तंतू तयार होतात आणि मग गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही. माझं तेच झालं. निपलभोवतीच्या काळ्या कडेला अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढली, आणि पुढे कित्येक आठवडे, ऐन मे महिन्यात, आवळ बंडी घालून काढले. तू अजून त्या टप्प्याच्या खूप अलीकडे आहेस.

गाठ निपलच्या बरोबर मागे नसून एका बाजूला असेल, दगडासारखी कडक असेल, निपलमधून रक्त येत असेल किंवा कातडी आत ओढली गेली असेल, तर आठवडाही थांबू नकोस, उद्याच जा.

आणि डॉक्टरपुढे 'फक्त प्रोटीन घेतो' म्हणू नकोस. मी पहिल्यांदा तेच म्हणालो आणि दोन महिने भलत्याच तपासण्यांत गेले. रिकाम्या कुप्या, गोळ्यांचं पाकीट, किती दिवस आणि किती घेतलं ते कागदावर लिहून सोबत ने.