ओल्या जागी पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) काढून नायलॉनचा बसवला, महिनाभरात शाफ्ट जाम झाला. नायलॉन सोडून थेट पीईक (उष्णता आणि केमिकल सोसणारं महागडं प्लास्टिक) घ्यावं का?

पीईकची गरज दिसत नाही. तुमचं नायलॉनही वाईट नव्हतं. ते पाणी प्यायलं आणि फुगलं. बाटल्या धुण्याच्या मशीनचा कन्व्हेयर, अंगावर सतत कोमट पाणी आणि बुशचं माप मात्र पितळेचंच ठेवलेलं, म्हटल्यावर हे व्हायचंच होतं. तुम्ही दिलेल्या मापांवरच हिशेब करून बघू.

शाफ्ट ४० मिमी, बुशचा बाहेरचा व्यास ५०, हाउसिंगमध्ये (बुश ज्यात बसतो त्या बाहेरच्या भागात) प्रेस फिट, म्हणजे घट्ट दाबून बसवलेला. अशा शाफ्टवर पितळी बुशला क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बुशमधली मोकळी फट, साधारण ०.०३ ते ०.०७ मिमी असतो. नायलॉन ६ साध्या हवेतच वजनाच्या अडीच-तीन टक्के ओलावा धरतं आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर नऊ टक्क्यांच्या आसपास जातं. दर एक टक्का पाण्यामागे माप ०.२ ते ०.३ टक्के वाढतं. म्हणजे तीनच टक्के पाणी शिरलं तरी ५० चा व्यास ०.३५ मिमीनं वाढू पाहतो. बाहेर लोखंडी हाउसिंग, तिकडे सरकायला जागा नाही. मग बुश आतल्या बाजूला आवळतो आणि बोअर, म्हणजे आतलं भोक, सुमारे ०.१ मिमीनं बारीक होतो. तुमचा सगळा क्लिअरन्स इथेच संपला. बुश ठोकून बसवताना जो आवळ दिला होता, तोही जवळजवळ सगळा बोअरवर उतरतो, तो वेगळाच.

एकदा शाफ्ट घासायला लागला की उष्णतेची भर पडते. पितळेच्या मानानं नायलॉन चौपटीहून जास्त प्रसरण पावतं आणि उष्णता मात्र शेकडो पटींनी कमी वाहून नेतं. घर्षणाची उष्णता हाउसिंगकडे जातच नाही, बोअरपाशी साचते, बोअर आणखी आवळतो. जाम व्हायला मग वेळ लागत नाही.

तरी नायलॉनला नावं ठेवू नका, कारण त्याचा चिवटपणाही याच पाण्यातून येतो. मोल्डमधून नुकतंच निघालेलं कोरडंठाक नायलॉन ठिसूळ असतं, म्हणून कित्येकदा पार्ट मुद्दाम पाण्यात ठेवून मुरवतात. धक्के खाणारे गिअर, पुली, रोलर यांना ते उत्तमच. फक्त डेटाशीट वाचताना ताकदीचा आकडा कोरड्या नमुन्याचा आहे की ओलावा घेतलेल्या, ते आधी बघा. ओलावा मुरल्यावर नायलॉनची ताकद बरीच उतरते, कडकपणा तर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि कॅटलॉगमध्ये ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा कोरड्याचा असतो.

तुमच्या जागेला मी अॅसिटल हे प्लास्टिक घेईन, म्हणजे पीओएम. बाजारात डेल्रिन म्हणून मागतात, पण डेल्रिन हे होमोपॉलिमरचं, म्हणजे अॅसिटलच्या दोन प्रकारांपैकी एकाचं, ब्रँडनाव आहे. तुम्ही दुसरा प्रकार, कोपॉलिमर, मागा. गरम पाणी आणि कॉस्टिक (धुण्यातला तीव्र क्षार) ते जास्त चांगलं सोसतं, शिवाय जाड होमोपॉलिमर रॉडच्या मध्यभागी बारीक पोकळपणा सापडतो, तोही यात कमी. पाण्यात कितीही दिवस ठेवा, अॅसिटल एक टक्क्याच्या आतच पाणी घेतं. वरचाच हिशेब लावला तर बोअर साधारण ०.०३ मिमीनं कमी होईल, तेवढं आधीच धरून चालता येतं.

माप मात्र पितळेचं ठेवू नका. बुश बसवल्यानंतर बोअरमध्ये ०.१५ ते ०.२० मिमी क्लिअरन्स राहिला पाहिजे. आधी लेथवर रफ टर्निंग करा, म्हणजे जादा माल ठेवून ढोबळ आकार काढा, रात्रभर पडू द्या म्हणजे रॉडमधला ताण सुटेल, मग बाहेरचा व्यास फिनिश करून बुश दाबून बसवा आणि बोअर सगळ्यात शेवटी काढा. टूल धारदार हवं. बोथट टूलनं माल तापतो आणि गार झाल्यावर माप बदललेलं निघतं. बुशची भिंत ५ मिमीपेक्षा पातळ करता आली तर जरूर करा, फुगणं आणि उष्णता अडणं दोन्ही कमी होतं. शाफ्ट गंजका किंवा खरबरीत असेल तर कुठलंच प्लास्टिक टिकणार नाही, तेव्हा तो आधी बघा.

धुण्याच्या पाण्यात अॅसिड किंवा तेज क्लोरीन असेल तर मात्र अॅसिटलही बाद, दोन्ही त्याला खातात. लोड हलका आणि तापमान ८० अंशांच्या आत असेल तर तिथे यूएचएमडब्ल्यू (खूप लांब रेणूंचं) पॉलिथिलीन बघा. पाणी ते घेतच नाही म्हटलं तरी चालेल. टेफ्लॉन गुळगुळीत असतं म्हणून मोह होतो, पण साधं टेफ्लॉन लोडखाली हळूहळू पसरत जातं. काचतंतू भरलेलं घ्याल तर ते मऊ शाफ्ट घासून काढेल. पीईक २५० अंशांपर्यंत सतत काम करतं, केमिकललाही बहुतेक दाद देत नाही. वाफ आणि अॅसिड एकत्र असतील तिथे त्याच्यासाठी पैसे मोजावेत. कोमट पाण्यासाठी ते उगाच होईल.

रॉड आणल्यावर खात्री करून घ्या, कारण पांढरं नायलॉन आणि पांढरं अॅसिटल शेजारी ठेवलं तर नजरेला फरक कळत नाही. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला, गाळ खाली बसू द्या आणि वरच्या निवळ पाण्यात एक तुकडा सोडा. त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. नायलॉन १.१४, ते तरंगेल, अॅसिटल १.४१, ते तळाला जाईल. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटानं पुसा. काही जण तुकडा पेटवून वासावरून ओळखतात, ते करू नका. अॅसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि ज्योत इतकी फिकट असते की उजेडात दिसतही नाही.