जून टाळ, ऑक्टोबर माग

भाऊ, तू विचारलंस की यूएईतल्या अल ऐनला ठिबकच्या कामावर जूनमध्ये रुजू व्हायचंय, धुळ्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन अंगात मुरलंय, मग वाळवंटाला काय भ्यायचं? मी साक्री तालुक्यातलाच, पांझराकाठचा. अकरा वर्षं इथं खजुराच्या बागांना पाणी देतोय, म्हणून सविस्तर सांगतो.

जमलं तर जून टाळ, ऑक्टोबर माग. आपला वैशाख कितीही भाजला तरी मृगाची वाट बघता येते. इथं मृग नाही. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बहुतेक हिवाळ्यात. मी पहिले दोन महिने अबू धाबीच्या किनाऱ्यावर काढले. तिथं रात्रीही हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि आपल्याकडे तो वाळतो म्हणून तर अंग निवतं. नुसतं पाणी पीत राहिलो, मीठ पोटात गेलं नाही. पायांत गोळे आले आणि खाली बसलो तो उठवेना. अल ऐन दीडएकशे किलोमीटर आत आहे, हवा कोरडी. ती तुला ओळखीची वाटेल.

इथले जीव ऊन कसं चुकवतात ते आल्या आल्या बघ. धब म्हणून काटेरी शेपटीचा मोठा सरडा असतो. सकाळी बिळातून निघतो तेव्हा काळपट दिसतो, अंग तापलं की पिवळा पडतो आणि भर दुपारी परत बिळात. पाणी बहुतेक पाल्यातूनच मिळवतो. तहानलेला उंट दिवसा अंगाचं तापमान ३४ पासून ४० अंशांपर्यंत चढू देतो, म्हणजे घामात पाणी जात नाही; रात्री गारव्यात ती उष्णता सोडतो. माणसांसाठी कायदा आहे: १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद.

इथला राष्ट्रीय वृक्ष गाफ, म्हणजे आपली शमी! मुळं खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून वाळूच्या टेकाडावरही हिरवी. पहिल्या दसऱ्याला तिलाच हळदकुंकू वाहिलं, तेव्हा कुठे मन लागलं.

फलज मात्र निवांत बघ. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या पाटानं, नुसत्या उतारावर, बागेत आणतात. अल ऐनमधल्याच हिलीतला असा एक पाट सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा. पाण्याची पाळी वेळेनं मोजायची आणि वाटणारा माणूस ठरलेला, अगदी आपल्या फड सिंचनातल्या पाटकऱ्यासारखा. आता पाणी खोल गेल्यानं पंपही लावावे लागतात. विहिरींचं पाणी खारं, त्यामुळे ड्रीपर चोक होतात, बुंध्याभोवती पांढरा थर धरतो. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, फ्लश करून धुवायची सवय तिकडूनच लावून ये, इथं निम्मं काम तेच.

एजंटचं जपून. माझ्याकडून एकानं दुप्पट पैसे उकळले, वर काम गोदामातलं सांगून वाळूत उभं केलं. नोंदणी असलेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपास, करारावर कामाचं ठिकाण लिहून घे, आणि व्हिजिट व्हिसावर चल म्हणाला तर सरळ नाही म्हण.

येताना सुती उपरणी आण, कळण्याचं पीठ दोन किलो जास्तीचं आण. तारीख ठरली की कळव, विमानतळावर मी येतो.