झाड आडवं पडलंच आहे, मग ते तोडताना माणसं जखमी का होतात?

कारण पडलेल्या झाडात ताण कोंडलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा नारळी-पोफळी एकमेकींवर पडल्या होत्या. अशा ढिगातलं खालचं खोड कापलं की वरचं घरंगळतं. वाकून दबलेली फांदी तर सुटताच थेट तोंडावर येते.

सगळ्यात फसवा असतो तो मुळांचा गड्डा. बुंधा कापून वजन कमी झालं की मातीसकट गड्डा खड्ड्यात धाडकन परत बसतो. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात, म्हणून आधी तिथे बघा, मगच करवत लावा.

दोन्ही टोकांना टेकलेलं खोड असेल तर वरून साधारण एक तृतीयांश कापा, उरलेलं खालून. उलटं केलंत तर काप मिटतो आणि पातं अडकतं. चेनसॉच्या पात्याचं टोक लाकडाला टेकवू नका, मशीन उसळून अंगावर येतं. शिडीवर चढून चेनसॉ तर अजिबात नको.

आणि फांद्यांत तार अडकली असेल तर लाईट गेलेली असली तरी हात लावू नका. कुणाच्या जनरेटरमधून वीज उलटी येऊ शकते. वायरमनने लाईन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत थांबा.